जुन्या सुईची परीक्षा

गेल्या दिवाळीच्या सुटींत माझा एक जुना विद्यार्थी मला भेटावयास आला. कुशल प्रश्न झाल्यावर त्यानें खिशांतून आगपेटीएवढी एक डबी काढली, माझ्यापुढें ठेवली आणि म्हणाला, "गुरुजी, परगांवच्या जुन्या बाजारांत हें मिळालें. विकणारा म्हणत होता, घरगुती वापरांतलें आहे, फारसें वाजलेलें नाहीं. मीं घेतलें तें बरें केलें कीं फसलों, तें तुम्हीच सांगा." डबींत कापसाच्या बोळ्यावर अंगठ्याच्या पेराएवढी एक काळी वस्तु निजविलेली होती. ती म्हणजे विजेच्या यंत्रावर तबकडी वाजविण्याचें कार्ट्रिज.

त्या डबींतल्या वस्तूविषयीं आज मला चार शब्द बोलावयाचे आहेत. विषय लहान आहे. परंतु त्याविषयींच्या अज्ञानानें जिची हानि होते, ती वस्तु लहान नाहीं. आपल्या सोलापुरांत कितीतरी घरीं माळ्यावर किंवा कपाटाच्या तळाशीं, जुन्या चादरींत गुंडाळलेल्या तबकड्या पडून आहेत. कोणाच्या वडिलांनीं गिरणीच्या पगारांतून चार पैसे मागें टाकून त्या घेतल्या, कोणाला त्या लग्नांत अहेर म्हणून आल्या. मध्यंतरीं कॅसेट आली, मग सीडी आली, पुढें गाणीं खिशांतल्या फोनवर आलीं, आणि तबकड्या मागें पडल्या. आतां तरुण मंडळींना त्यांची पुन्हा ओढ लागली आहे. आजोबांचें यंत्र दुरुस्त होऊन दिवाणखान्यांत येतें, आणि मग असें आढळतें कीं, त्याचें कार्ट्रिज निकामी आहे. नवें घ्यावें तर किंमत भारी वाटते. म्हणून पावलें जुन्या बाजाराकडे वळतात.

मी कांहीं अभियंता नव्हें. मॅट्रिक होऊन मास्तरकी पत्करली आणि मुलांकडून त्रैराशिक सोडवून घेण्यांत उमेद घालविली. परंतु तबकड्यांचा नाद लहानपणापासूनचा, आणि त्या नादापायीं एकदां जी ठोकर खाल्ली, तिनें जें शिकविलें तें पुस्तकांत मिळालें नसतें. तें आपणांपुढें मांडतों.

प्रथम ही वस्तु करते काय, तें पाहूं. तबकडीवरची रेघ ही वस्तुतः एक अरुंद दरी आहे. तिच्या दोन्ही भिंती ४५ अंशांनीं कललेल्या असतात, आणि गाणाऱ्याचा आवाज त्या भिंतींच्या नागमोडी वळणांत कोरलेला असतो. तबकडी फिरूं लागली कीं सुई त्या दरींतून चालते आणि वळणांबरहुकूम थरथरते. ती थरथर एका केसासारख्या बारीक दांडीवाटे मागें जाते. दांडीच्या मागच्या टोंकास इवलासा लोहचुंबक असतो, आणि तो तारेच्या दोन वेटोळ्यांजवळ हलला कीं वेटोळ्यांत विजेचा अत्यंत क्षीण प्रवाह उत्पन्न होतो. एक वेटोळें डाव्या आवाजाचें, दुसरें उजव्याचें. तोच प्रवाह पुढें वाढवून आपण कर्ण्यावाटे ऐकतों. म्हणजे कार्ट्रिजचे भाग मुख्यतः दोन: एक त्याचें धड, ज्यांत वेटोळीं बसविलेलीं असतात, आणि दुसरा सुईचा, ज्यांत हिऱ्याचें टोंक, दांडी, चुंबक व त्या दांडीस तोलून धरणारें रबर हीं येतात. सुईला बाजारांत कोणी पिन म्हणतात, कोणी स्टायलस. ह्या दोन भागांतला भेद ध्यानीं धरणें, हें सर्व परीक्षेचें मूळ आहे. कारण धडांत झिजण्यासारखें कांहीं नसतें, तें पन्नास वर्षेंही टिकूं शकतें; झिजते ती सुई.

आतां थोडें अंकगणित करूं. जिला आपण एल्. पी. म्हणतों ती तबकडी मिनिटास ३३⅓ फेरे घेते. एका बाजूस वीस मिनिटांचें गाणें असेल, तर फेरे झाले सुमारे ६६७. बाहेरचा फेरा मोठा आणि आंतला लहान. सरासरीनें एका फेऱ्याची लांबी ६५ सेंटिमीटर धरली, तर एका बाजूस सुईची चाल होते सुमारे ४३० मीटर. अशा एक हजार बाजू वाजल्या कीं ती ४३० किलोमीटर चालली. सोलापूर ते मुंबई हा लोहमार्ग साधारण साडेचारशें किलोमीटरांचा आहे. म्हणजे आपली सुई सोलापूर स्टेशनांतून निघून, ठाणें मागें टाकून, मुंबईच्या उपनगरांत पोंचली. आणि तीही भार वाहत, घांसत घांसत.

भार तो किती? चांगल्या कार्ट्रिजला दीड-दोन ग्रॅम. ऐकावयास तो कांहींच वाटत नाहीं. परंतु सुईच्या टोंकाच्या गोलाईची त्रिज्या १५ ते १८ मायक्रॉन असते, आणि एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या डोक्याचा केंस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. इतक्या सूक्ष्म टोंकाचाही केवळ कडेचा कण दरीच्या भिंतींस टेकतो, आणि सगळा भार त्या कणावर येतो. टांचणी बोटांत कां शिरते आणि अंगठ्याचें बोथट टोंक कां शिरत नाहीं, हें ज्यानें शाळेंत शिकलें आहे, त्यास येथला दाब किती भयंकर असेल तें निराळें सांगावयास नको.

कोणी म्हणेल, हिरा हा सर्वांत कठीण पदार्थ. मऊ तबकडीनें तो कसा झिजेल? आपण जुन्या विहिरीचा काठ पाहिला असेल. सुताच्या दोरानें काळ्या दगडास बोट बोट खांचा पाडलेल्या असतात. दोर मऊ, दगड कठीण. पण रोजचें घांसणें कोणासही सोडीत नाहीं. शिवाय तबकडीच्या दरींत धूळ असते, आणि ती मऊ नसते. झिजून झिजून हिऱ्याच्या गोल टोंकाच्या दोन्ही अंगांस दोन सपाट पैलू पडतात. त्या पैलूंस धार येते, आणि मग ती सुई राहत नाहीं, सुताराची पटाशी होते. जेथें वळण नाजूक आहे तेथें वळण्याऐवजीं ती भिंतच तासून जाते. येथें एक गोष्ट मनांत कोरून ठेवावी. झिजलेल्या सुईचें नुकसान सुईला भोगावें लागत नाहीं. तें तबकडीला भोगावें लागतें. सुई पुन्हा विकत मिळते; तासून गेलेला स्वर पुन्हा मिळत नाहीं.

आपल्या वडीलधाऱ्यांस हें ठाऊक होतें. चावीच्या ग्रामोफोनवर ७८ फेऱ्यांची लाखेची तबकडी वाजत असे, तेव्हां पोलादी सुयांची पत्र्याची डबी यंत्राशेजारीं असावयाचीच. एका बाजूस एक सुई, हा नियम. लाखेंत मुद्दाम खरखरीत भुकटी मिसळलेली असे. हेतु हा कीं, पहिल्या कांहीं फेऱ्यांतच सुई घांसून खांचेच्या आकाराची व्हावी. म्हणजे झीज तबकडीस न लागतां सुईस लागावी. बाजू संपली कीं ती सुई टाकून द्यावयाची. पुढें १९४८ सालीं अमेरिकेंत दीर्घवादनाची तबकडी निघाली, नीलमण्याच्या आणि हिऱ्याच्या सुया घरोघरीं आल्या. सुई टिकाऊ झाली, तशी ती बदलण्याची संवय सुटली. "हिऱ्याची सुई आहे, तिला काय होतें?" ही समजूत तेव्हांपासूनची.

ह्याच समजुतीनें मी फसलों. माझ्या लग्नांत सासऱ्यांनीं माणिक वर्मा यांच्या भावगीतांची एक तबकडी दिली होती. आमच्या घरीं ती सणावारीं लागे. पुढें आमच्या यंत्राचें कार्ट्रिज बिघडलें, तेव्हां मीं एका परिचित विक्रेत्याकडून वापरलेलें कार्ट्रिज आणलें. "हिऱ्याचें टोंक आहे, जन्मभर पाहावें लागणार नाहीं," असें त्यानें सांगितलें आणि मीं मानलें. तें लावलें, आवाज आला, मी संतुष्ट झालों. दोन-तीन महिन्यांनीं एके दिवशीं स्वयंपाकघरांतून मंडळींचा आवाज आला, "अहो, ह्या गाण्यांतला 'स' आज असा फाटल्यासारखा कां येतो?" मीं उत्तर दिलें, "तबकडी जुनी झाली. आणि तुला यंत्रांतलें काय कळतें?" पुन्हा महिन्यानें तिनें तेंच विचारलें. मीं पुन्हा तेंच उत्तर दिलें.

शेवटीं शाळेंतल्या विज्ञानाच्या शिक्षकांनीं सहज म्हणून ती सुई सूक्ष्मदर्शकाखालीं धरली आणि मला पाहावयास बोलाविलें. गोल टोंकाऐवजीं दोन चकचकीत सपाट्या दिसत होत्या. मीं त्याच दिवशीं नवी सुई आणली. अन्य तबकड्या सुधारल्या; ती मात्र सुधारली नाहीं. जेथें जेथें 'स' आणि 'श' होते, तेथें तेथें आतां खरखर कोरलेली आहे. ती तबकडी अजून आमच्या घरीं आहे. कधीं लावली तर स्वयंपाकघरांतून आतां कांहीं विचारणा होत नाहीं. तें न विचारणें मला अधिक ऐकूं येतें.

ह्या प्रसंगांत माझी चूक दुहेरी होती. विक्रेत्यावर विश्वास ठेवला ही एक. आणि स्वतःच्या कानावर ठेवला, ही दुसरी. सुई एका दिवसांत झिजत नाहीं. ती रोज केसाच्या शतांशानें झिजते, आणि कान रोज तेवढाच रुळतो. जो माणूस यंत्रापुढें नित्य बसतो त्यास फरक सर्वांत शेवटीं कळतो. जो दुसऱ्या खोलींत आहे, अधूनमधून ऐकतो, त्यास आधीं कळतो. म्हणून कानाला साक्षीदार करावें, न्यायाधीश करूं नये. आतां ही न्यायाची रीत क्रमानें सांगतों.

पहिला प्रश्न जातीचा. जुन्या बाजारांत बहुधा तीन जातींचीं कार्ट्रिजें येतात. पेटीवजा, हातांत धरून नेण्याचे जे रेकॉर्ड प्लेअर एके काळीं घरोघरीं होते, त्यांत स्फटिकाचें किंवा सिरॅमिकचें कार्ट्रिज असे. दुसरी जात, जिचें वर्णन मीं वर केलें, ती मूव्हिंग मॅग्नेटची, म्हणजे हलत्या चुंबकाची. तिसरी मूव्हिंग कॉइलची, म्हणजे जींत वेटोळेंच दांडीवर बसून हलतें. हिच्यांत सुई घरीं बदलतां येत नाहीं. कसबी कारागिराकडून टोंक बसवून घ्यावें लागतें. तेव्हां नवशिक्यानें वापरलेल्या मूव्हिंग कॉइलच्या वाटेस जाऊं नये, हें उत्तम.

स्फटिकाच्या जातीविषयीं आपल्या गांवापुरती एक विशेष सूचना आहे. जुन्या स्फटिकी कार्ट्रिजांत रोशेल नांवाच्या क्षाराचा स्फटिक असे. हा क्षार दमटपणानें बिघडतो, आणि उष्णता पंचावन्न अंशांच्या आसपास गेली कीं कायमचा नासतो. सोलापूरचा वैशाख बेचाळीस-चव्वेचाळीस अंशांचा. पत्र्याखालच्या माळ्यावर किंवा उन्हांत उभ्या केलेल्या मोटारींत ती मर्यादा ओलांडण्यास वेळ लागत नाहीं. म्हणून इकडच्या माळ्यावरून उतरलेलें जुनें स्फटिकी कार्ट्रिज शंभरांत पांचही जिवंत असेल, अशी आशा धरूं नये. सिरॅमिक ह्या बाबतींत पुष्कळ सोशिक. पण ह्या दोन्ही प्रकारांस भारही अधिक लागतो, बहुधा तीन ते सहा ग्रॅम. आणि त्यांतल्या जुन्या, एकांगी आवाजाच्या कार्ट्रिजांची सुई वर-खालीं नीट लवत नाहीं, त्यामुळें ती स्टीरिओ तबकडीचें नुकसान करते. मोलाची तबकडी अशा यंत्रावर चढवूं नये.

दुसरा प्रश्न माहितीचा. विकणाऱ्यास विचारावें: हें कोणत्या यंत्रावर होतें, सुई शेवटीं केव्हां बदलली, कां विकतां? उत्तर खरें मिळेलच असें नाहीं. परंतु त्रैराशिक आपल्या हातीं आहे. कार्ट्रिज बनविणारे सुईच्या आकाराप्रमाणें साधारण तीनशेंपासून हजार तासांपर्यंत तिचें आयुष्य सांगतात. "रोज रात्रीं एक तबकडी ऐकत होतों, बस," असें कोणी म्हणाला तर हिशेब करा. रोज चाळीस मिनिटें म्हणजे वर्षास सुमारे २४३ तास, आणि दहा वर्षांत चोवीसशेंहून अधिक. जें त्याला 'बस' वाटतें, त्यांत दोन-चार सुयांचें आयुष्य संपलेलें असतें.

तिसरी परीक्षा डोळ्यांची. सोनाराच्या दहापट मोठें दाखविणाऱ्या भिंगांतून प्रथम दांडी पाहावी. समोरून पाहतां ती ओळंब्यासारखी सरळ दिसली पाहिजे. डावीकडे-उजवीकडे कललेली किंवा मध्यें वांकलेली असेल तर सुई बाद. टोंक जागेवर आहे ना, तें पाहावें; पुष्कळ वेळां दांडी असते आणि हिराच गळून गेलेला असतो. टोंकाभोंवतीं धुळीचा गोळा असेल तर लागलीच निराश होऊं नये. आपल्या यंत्रमागांच्या गांवांत कापसाचा बारीक तंतु हवेंत नेहमींच असतो, आणि तो सुईवर बसतो. मऊ ब्रशानें मागून पुढें, म्हणजे धडाकडून टोंकाकडे, हळूच झाडावें. आडवें किंवा उलटें झाडलें कीं दांडी गेलीच म्हणून समजावें. मागच्या बाजूस चार पितळी खुंट्या असतात. त्या हलत नाहींत ना, गंजल्या नाहींत ना, हेंही पाहावें.

एक सावधगिरी मात्र येथेंच सांगतों. दहापटीच्या भिंगांतून मोड दिसते, झीज दिसत नाहीं. सपाट झालेले पैलू पाहावयास शंभर ते दोनशेंपट मोठें दाखविणारा सूक्ष्मदर्शक लागतो, आणि बाजूनें प्रकाश टाकावा लागतो. निरोगी गोल टोंकावर प्रकाशाचा बिंदु बारीक दिसतो. झिजलेल्या टोंकाच्या दोन्ही अंगांस खिडकीच्या कांचा चमकाव्या तशा दोन सपाट्या चमकतात. एका अंगाची सपाटी मोठी व दुसरीची लहान असेल, तर सुई तिरपी बसविलेली होती असें समजावें. शाळेच्या प्रयोगशाळेंत असा सूक्ष्मदर्शक असतो. शिक्षकांस विनंति केली तर ते नाहीं म्हणत नाहींत, उलट मुलांना एक चांगला पाठ मिळतो.

चौथी परीक्षा मीटरची. विजेच्या कारागिराजवळ रोध मोजण्याचा मीटर असतो. लाल व हिरवी खुंटी उजव्या वेटोळ्याची, पांढरी व निळी डाव्या वेटोळ्याची. मूव्हिंग मॅग्नेटच्या जातींत प्रत्येक जोडीचा रोध साधारण चारशेंपासून दीड हजार ओहमपर्यंत असतो. नेमका आंकडा महत्त्वाचा नाहीं. दोन्ही आंकडे जवळजवळ सारखे आले पाहिजेत, हें महत्त्वाचें. एकाचा रोध मोजतांच येत नसेल तर आंत तार तुटलेली आहे, आणि तें धड निरुपयोगी. मात्र सिरॅमिकला वेटोळें नसतेंच; त्याचा रोध मीटरवर दिसत नाहीं म्हणून त्यास मृत ठरवूं नये.

पांचवी परीक्षा रबराची, आणि हिच्यांत पुष्कळ शहाणे फसतात. दांडीला तोलून धरणारें रबर वापरानें बिघडतें तसें केवळ वयानेंही बिघडतें. कोठें तें कडक होतें. मग सुई लवत नाहीं आणि तबल्याच्या दणक्यासरशीं उडी मारते. कोठें तें सैल पडतें. मग योग्य भार देतांच कार्ट्रिज पोटावर बसतें आणि तबकडीस घांसूं लागतें. "हें पाहा, चाळीस वर्षांपूर्वींचें, पण डबी फोडलेली नाहीं," असें सांगून कोणी जुनी सुई नव्या भावानें देऊं लागला, तर त्यास नमस्कार करावा. न वापरलेली वस्तु आणि ताजी वस्तु एक नव्हे.

सहावी परीक्षा कानाची. ह्या परीक्षेस तबकडी अशी घ्यावी कीं, जी निर्दोष आहे पण जिच्यावर आपला जीव नाहीं. भार लहान तराजूनें मोजून, जितका सांगितला असेल तितका द्यावा. भार कमी ठेवला तर सुई सुरक्षित राहते, हाही एक भ्रमच. हलकी सुई दरींत उड्या मारते आणि भिंतींवर आदळते. तबकडी बाहेरून न लावतां आंतल्या शेवटच्या रेघांपासून लावावी. कारण तेथें फेरा लहान असतो, वळणें दाटलेलीं असतात, आणि झिजलेली सुई तेथेंच प्रथम उघडी पडते. 'स', 'श', 'च' हीं अक्षरें फुटतात काय, टाळेचा नाद किणकिणतो कीं भाजल्यासारखा कोरडा येतो, दोन्ही बाजूंचे आवाज सारखे आहेत काय, तें ऐकावें. बाहेरच्या रेघा गोड आणि आंतल्या कर्कश असें होत असेल, तर सुई झिजली आहे, किंवा ती नीट कोनांत बसलेली नाहीं. आपल्या ख्यालगायकीच्या दृष्टीनें हें विशेष दुःखाचें आहे. विलंबित आलाप बाहेरच्या मोकळ्या रेघांत असतो, आणि द्रुताच्या ताना, जेथें गाणें ऐन भरास येतें, त्या आंतल्या अडचणींत असतात. झिजलेली सुई गवयाचा कळस आधीं खाते.

जातां जातां दोन गोष्टी. ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकडीची खांच रुंद असते. तिला ६५ ते ७५ मायक्रॉनांच्या त्रिज्येचें जाड टोंक लागतें. एल्. पी. ची सुई तीवर ठेवली तर ती खांचेच्या तळाशीं बसून केवळ खरखर गोळा करते. आणि जाड सुई एल्. पी. वर ठेवली तर तबकडी गेलीच. जुन्या कार्ट्रिजांत दोन टोंकें आणि एक फिरकी असे, ती कोणत्या बाजूस आहे तें पाहूनच सुई टेकवावी. दुसरी गोष्ट, सुई उडूं लागली म्हणजे तिच्या डोक्यावर नाणें चिकटविण्याची आपल्याकडची युक्ति. तांबें-निकेलचें पंचवीस पैशांचें नाणें अडीच ग्रॅमचें होतें. दोन ग्रॅमांच्या जागीं साडेचार झाले. उडणें थांबलें, कारण सुई आतां दरी नांगरीत चालली!

आतां व्यवहाराचा निष्कर्ष. वापरलेलें कार्ट्रिज घेतांना पैसे धडाचे द्यावे. सुईचे एक पैही देऊं नये, मग विकणारा कांहींही सांगो. घरीं आणल्यावर नवी सुई घ्यावयाचीच, असें धरून चालावें, आणि त्या धडाला बसणारी नवी सुई मिळते कीं नाहीं, हें धड घेण्यापूर्वीं विचारावें. अमेरिकेंतील शूअर कंपनीचीं कार्ट्रिजें जुन्या बाजारांत पुष्कळ दिसतात. त्या कंपनीनें तीं बनविणें २०१८ सालीं बंद केलें. त्यांच्या बऱ्याच धडांस बसणाऱ्या सुया अन्य कारखानदार करतात, परंतु त्या सर्व सारख्या प्रतीच्या नसतात. धड आणि नवी सुई ह्यांची बेरीज जर नव्या कार्ट्रिजच्या किंमतीएवढी झाली, तर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असा तो व्यवहार. त्यापेक्षां नवेंच घ्यावें. आणि नवी सुई लावली त्या दिवसाची तारीख एका चिठीवर लिहून यंत्राच्या झांकणास आंतून चिकटवावी. कान विसरतो, चिठी विसरत नाहीं.

माझ्या विद्यार्थ्याच्या डबीचें काय झालें, तें सांगावयाचें राहिलें. मीटरवर दोन्ही वेटोळीं सारखीं उतरलीं. दांडी सरळ होती. मग आम्ही दोघे शाळेंत गेलों आणि सुई सूक्ष्मदर्शकाखालीं धरली. त्यानें डोळा लावला आणि बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. "गुरुजी, खिडक्या दिसतात," एवढेंच म्हणाला. घरीं त्याच्या आजोबांच्या तबकड्या होत्या. तो त्याच संध्याकाळीं त्या लावणार होता. धड घेतलें तें बरें केलेंस, सुईनें मात्र फसलास, असें मीं त्याला सांगितलें; आणि सुई काढून त्याच्या हातावर ठेवली. आतां त्या धडावर नवी सुई आहे, आणि झांकणाच्या आंत चिठी आहे.

शेवटीं एकच गोष्ट सांगून पुरें करतों. १९७७ सालीं अमेरिकेनें व्हॉयेजर नांवाचीं दोन यानें अंतराळांत सोडलीं. त्या प्रत्येकावर तांब्याची, सोन्याचा मुलामा दिलेली एक तबकडी आहे, आणि तींत गोव्याच्या केरी गांवच्या सूरश्री केसरबाई केरकर यांची भैरवी आहे. त्याच वर्षींच्या सप्टेंबरांत केसरबाई निवर्तल्या. त्यांचा स्वर आज माणसाच्या हातची कोणतीही वस्तु गेली नाहीं इतका दूर गेला आहे. परंतु ज्यांनीं ती तबकडी पाठविली, त्यांनीं ती एकटी पाठविली नाहीं. तिच्याबरोबर एक कार्ट्रिज आणि एक सुई ठेवून दिली. ज्याच्या हातीं हा ठेवा पडेल तो कोण असेल हें कोणासही ठाऊक नाहीं. पण तो ऐकावयाचा तर न झिजलेली सुई हवी, एवढें त्यांस ठाऊक होतें.

आपल्या माळ्यावरच्या तबकड्या काढाल तेव्हां आपणही तेवढें करा. आणि स्वयंपाकघरांतून कोणी कांहीं विचारलें, तर माझ्यासारखें उत्तर देऊं नका.